आत्याच्या विहिरीवरची झाडं

माझ्यासारख्याने लिहायला बसणं हाच आगाऊपणा आहे, तेवढा पोटात घाला. घरात माझ्याआधी कुणी कॉलेजचं तोंड पाहिलं नाही. लिहिणं म्हणजे अर्ज नाहीतर पेपर, एवढंच मला ठाऊक. आणि हे तर मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही — आईला नाही, खोलीतल्या मित्रालाही नाही.

आमचं गाव कन्हान नदीच्या पलीकडे. गावाला लागून उताराचं बरड, म्हणजे मुरमाड माळ, आणि त्याच्या पायथ्याशी माझ्या आत्याची विहीर आणि संत्र्याची बाग. आत्याला मूलबाळ नाही. माझ्या कॉलेजचा विषय निघाला तेव्हा घरात "जाऊ द्या ना पोट्ट्याले," म्हणणारी ती एकटी.

पहिल्या वर्षाच्या सुटीत गावात सरकारी झाडं लावायचं ठरलं — निलगिरीची, हजारोंनी. आठवडाभर मी पारावर भाषणं ठोकत होतो: झाडं आली की पाणी आलं! बरडाची जागाही मीच सुचवली. झाडांसाठी आलेले वनखात्याचे साहेब दक्षिणेकडचे, इंग्रजीतच बोलायचे. सभेत त्यांचं बोलणं मराठीत सांगायला मला उभं केलं.

"पाहा गा, नामा इंग्रजी फाडून राहिला!" कोणीतरी ओरडलं. लोक हसले. माझे कान तापले — सुखाने. ते सुख लपवून पुढचं सांगता येणार नाही.

बायकांमधून आत्या उठली. "साहेबाले विचार गा, माह्या विहिरीच्या पाण्याचं कसं होईन?"

मी विचारलं. साहेबांनी बरडाकडे पाहिलं आणि सावकाश सांगितलं — हे झाड जमिनीतलं पाणी फार ओढतं; विहिरीच्या वरच्या अंगाला नको, टेकडीपलीकडे लावा.

मला ते इंग्रजी समजलं नाही, असं म्हणू का? तुमचा विश्वासही बसेल. पण मला शब्द न् शब्द समजला होता. फक्त तो सांगायचा, तर आठवडाभर आपण चुकीचं बोललो हेही सांगावं लागणार होतं — त्याच लोकांसमोर.

"साहेब म्हणतात," मी म्हणालो, "झाडं आली की विहिरीले पाणी वाढते."

आत्या खाली बसली. भराभर हात वर झाले. साहेबांना मराठी येत नव्हतं; गावाने ऐकूनही बरडच पसंत केलं, असं त्यांना वाटलं असणार. त्यांनी माझ्याकडे पाहून मान हलवली. ती मान अजून माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

झाडं वाढली. फार लवकर वाढली. संत्र्याला बहार यावा म्हणून थंडीत त्याचं पाणी बंद करतात, त्याला ताण देणं म्हणतात. मग भरपूर पाणी देऊन तो ताण तोडायचा. काही वर्षांनी, एम.एस्सी.ला असताना, एका थंडीत गावी गेलो, तर आत्या विहिरीच्या काठावर बसली होती. ताण दिला होता. तोडायला पाणी नव्हतं.

"काहून गा बापू, झाडं तं मोठी झाली, मंग पाणी कुठं गेलं? का झाडंच कमी पडली असतीन?"

तेव्हा तरी सांगता आलं असतं ना? तिथे हसायला कोण होतं? मी विहिरीत पाहत राहिलो — आणि "धीर धर" म्हणालो. मग नागपूरची बस पकडली. त्यानंतर गावी जाणं टाळत आलो. कधी परीक्षा, कधी प्रॅक्टिकल. कारणं माझी मलाच पाठ झाली.

परवा इथे नागपुरात, लकडगंजात लाकडाच्या टालासमोर आमच्या गावचा शामराव भेटला. बैलगाडीत संत्र्याची लाकडं रचलेली.

"तुह्या आत्याची बाग गा," तो म्हणाला. "वाळली सारी. तोडली."

मी एका बुंध्यावर हात ठेवला. काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "मंग वावर पडीकच?"

"पडीक काहून? निलगिरी लावून राहिली ना थे! सारा गाव नको म्हणे, पण आयकते कोणाचं? म्हणते, माह्या नामानं सांगतलं हाय, झाडं आली की विहिरीले पाणी वाढते."