शिरोरेघेचे तुकडे

हे आजवर माझ्या तोंडून निघालं नाई. बायको होती तेव्हा तिच्यापाशी नाई, पोरापाशी तर नाईच. तुमी माझे कोणी लागत नाई, म्हणून तुमाले सांगणं सोपं – का तेबी नाई? पाहू. शाळा माझी चौथीत सुटली. लिहिणं वेडंवाकडं होईन. पण अक्षर माझं वाकडं नाई, हे अकोल्यात कोणालेबी विचारा.

तर अक्षरापासूनच सुरू करतो. मी पेंटर. जुन्या शहरात आमचं दुकान, पाट्या रंगवण्यात जन्म गेला. दुसरे पेंटर अक्षरावरची रेघ तुकड्यातुकड्यानं ओढत अन् मग जोड लपवत बसत. मी काठीवर मनगट टेकवून या टोकापासून त्या टोकापर्यंत एका दमात ओढो. मधात श्वास सोडला का ब्रश हलते. लोक सायकली थांबवून पाहत. मले कळे का पाहून राहिले – अन् मी मुद्दाम वळून पाहत नसो. असा माणूस मी.

मग रंग गेला, व्हिनाइल आलं. मागून चिकट असलेला रंगीत कागदच म्हणा. मशीन त्यातून अक्षरं कापते, भोवतालचं सोलून काढा अन् अक्षरं पाटीवर, नाईतर काचेवर चिकटवा. माझ्या पोरानं, सुनीलनं, मशीन आणली. तेबी मी सोसलं. खरं दुखणं पुढं होतं.

मशीन आली, पण डिझाइन कशात करावं, कापायचा हुकूम कोणत्या सॉफ्टवेअरनं द्यावा? सुनीलले त्यातलं कळे ना. कळे ते वर्षाले – माझ्या सुनेले. चांदूर बाजारची पोरगी, लग्नाआधी अमरावतीले एका फ्लेक्सवाल्याकडं कामाले होती. एक सॉफ्टवेअर मशीनसंगं फुकट आलं होतं. दुसरं विकत घ्यायचं, पण आधी काही दिवस वापरून पाहता येत होतं. तिनं दोन्हीत एकच नाव कापून पाहिलं. फुकटच्यात प्रत्येक अक्षराची रेघ वेगळी राहे, एकीवर एक चढे, अन् सुरी प्रत्येक जोडावर फिरे. सोलाले घेतलं का रेघेचे तुकडे हातात. दुसऱ्यात कापायच्या आधी एक टिक करायची – 'जोडून कापा' म्हणून. सगळी रेघ एकसंध.

"बाबा," ती मले म्हणाली, "इंग्रजी नाव कोणतंबी कापते. आपलं गिऱ्हाईक मराठीतलं आहे. हेच घेऊ."

बरोबर बोलली. तेच मले सहन झालं नाई. एका दमातली रेघ – ते माझं होतं ना? चाळीस वर्षं मनगट धरून जे कमावलं, ते ह्या पोरीनं एका टिकेत केलं. अन् वरून मलेच विचारे, "बाबा, रेघ किती जाड ठेवू? तुमी सांगा तशी करते." इतक्या मानानं विचारे का मले अजून राग ये. तुमाले आला असता का? मले आला.

गिऱ्हाइकं दारातूनच विचारत, "पेंटर, सूनबाई आहे का?" एक जुना दोस्त तर माझ्याच खुर्चीवर बसून म्हणाला, "आता तुले काय काम गा? चहा सांग." सगळे हसले. मीबी हसलो. चहाबी सांगितला.

बाळापूरच्या एका कृषी केंद्राचं काम होतं. काचेवर मोठं नाव, लाल रंगात, दुसऱ्या दिवशी उद्घाटन. वर्षाची माय आजारी पडली म्हणून तिले चांदूर बाजारले जाणं आलं. सुनील बाळापूरले काच पुसून ठेवाले गेला होता. तिनं सगळं तयार करून ठेवलं अन् मले बसवून दाखवलं – "बाबा, ही टिक आहे, इले हात लावू नका. फक्त हे बटण दाबा." तिनंच शिकवलं मले. हे ध्यानात ठेवा.

ती गेली. दुकानात मी एकटा. मी टिक काढली.

बटण दाबलं. सुरी जोडाजोडावर फिरून राहिली, मी पाहत राहिलो. मग – हे तर सांगायलेच लाज वाटते – टिक परत जागेवर ठेवली.

सुनील सोलाले बसला तं रेघेचे तुकडे वर याले लागले. लाल रोल तेवढाच होता. त्यानं एकेक तुकडा चिमट्यानं बसवला, तसंच नेऊन लावलं. उद्घाटनाच्या दिवशी उन्हानं कोपरे उठले. दुकानदार पाहुण्यांसमोर म्हणाला, "माझ्या नावाले उंदरं लागले का हो?" सुनील मान खाली घालून आला.

वर्षा परतल्यावर त्यानं तिले कंप्युटरसमोर उभं केलं. टिक जागेवरच होती. "पाहून घे तुझं सॉफ्टवेअर," तो म्हणाला. "टिक असूनबी तोडते. अन् तू म्हणे हेच घ्या."

तिनं माझ्याकडं पाहिलं. मी म्हणालो, "तू ठेवलं तसंच म्या बटण दाबलं."

तिनं पडद्यावरच्या त्या टिकेवर बोट ठेवलं. मग म्हणाली, "मंग माझंच काही चुकलं असन, बाबा."

तेव्हा बोलायचं होतं. तोंड होतं, वेळ होता, दुकानात बाहेरचं कोणी नव्हतं. मी तपकीर ओढली. अन् खरं सांगू – त्या घडीले मले बरं वाटलं.

ते सॉफ्टवेअर घेतलंच नाई. मोठी मराठी कामं सुनील अमरावतीहून कापून आणते, बारीकसारीक फुकटच्यावर धकवते. वर्षा त्या खुर्चीवर परत बसली नाई. कोणी बस म्हटलंबी नाई. सकाळी दुकानात झाडू मारते, डबा ठेवते, घरी जाते. माझ्या ताटात भाकर पहिली पडते, गरम.

परवा नातीनं शाळेच्या कामासाठी विचारलं, "आई, कंप्युटरवर आपलं नाव कसं लिहायचं? शिकव ना." मी ओट्यावर बसलो होतो. वर्षा आतून म्हणाली, "बाबाले विचार तुह्या. मले जमत नाई बाई ते."

ना लाडानं म्हणाली, ना रागानं. खरं वाटते तिले तसं.

तिले जमत होतं. माझ्यापेक्षा चांगलं जमत होतं.