मायाक्काने नाकारलेले पाणी

मायाक्का ख्रिस्ती म्हणून जगली, पण बाप्तिस्मा न घेताच मेली. सोलापुरातल्या तिच्या मंडळीत याचे कारण सगळे एकच सांगत: सवतीमत्सर. ते खोटे होते.

ती सांगोल्याकडच्या माळावरची धनगरीण. धुळाशी लग्न होऊन दहा वर्षे झाली तरी मूल नव्हते. तेव्हा तिनेच माहेरी जाऊन धाकटी बहीण केरा नवऱ्यासाठी मागून आणली. केराला दोन मुले झाली. पुढे दुष्काळात मेंढरे गेली आणि पाचही जणे सोलापुरात आली. धुळा गिरणीच्या फाटकावर रखवालदार झाला, मायाक्का सूत गुंडाळण्याच्या खात्यात लागली. भवानी पेठेत त्यांनी एक खोली घेतली.

त्या चाळीत मिशनची एक बाई शुभवर्तमान वाचून दाखवायला येई. मायाक्का आधी उंबऱ्याबाहेर बसून ऐके, मग आत बसू लागली. वर्षभरात तिला प्रार्थना पाठ झाल्या. तिने घरातला देव्हारा उतरवला, केराला उपासनेला नेले, शेवटी धुळालाही नेले. भावकीने तिघांना वाळीत टाकले. १९२७ साली तिघांनी बाप्तिस्मा मागितला.

पाळक शांतवन उबाळे सरळ माणूस होते. शिकवणीच्या वर्गात ते सांगत, "पाणी आपल्या विहिरीचंच असतं. त्यात जादू नाही. जुना माणूस पुरायचा आणि नवा उठायचा, हा त्याचा अर्थ. म्हणून पाण्यापुढे येणाऱ्यानं काही लपवायचं नाही. लपवलं, तर डोकं भिजतं, बाकी काही नाही."

अडचण दोन बायकांची होती. मंडळीचा नियम होता की पहिली लग्नाची बायको तेवढी बायको. दुसरीने वेगळे राहायचे, नवऱ्याने तिला पोटापुरते द्यायचे. उबाळ्यांनी तिघांना समोर बसवून विचारले, "यांत पहिली कोण?"

धुळा खाली बघत बसला. केराने पोर छातीशी धरले. तिसरे पोटात होते.

मायाक्का म्हणाली, "केरा पहिली."

"तुम्ही वयानं मोठ्या दिसता."

"व्हय की. माजं पयलं लगीन दुसरीकडं झालं हुतं. त्यो दादला वारला. मग केरीच्या लग्नामागनं ह्येंच्यासंगं माजा पाट लागला."

तिला आयुष्यात एकच नवरा होता आणि तो हातभर अंतरावर बसला होता. त्याच्या तोंडावर तिने कधी नसलेला नवरा उभा केला आणि मारूनही टाकला. धुळाने मान वर केली नाही. उबाळ्यांनी त्याला विचारले, "असंच आहे?" तो म्हणाला, "व्हय."

बाहेर आल्यावर केरा रडू लागली. "आक्का, हे काय केलंस?"

"तुला म्या आणलं. पोरांसंगं तुला रस्त्यावर घालू व्हय? चल, चूल पेटवायची हाय."

मायाक्का त्याच आठवड्यात गिरणीमागच्या एका झोपडीत राहायला गेली. रविवारी तिघांचा बाप्तिस्मा ठरला होता. आदल्या दिवशी पाळकांनी एकेकाला विचारले, "काही लपवलेलं नाही ना?" धुळा आणि केरा "न्हाय" म्हणाले. मायाक्का म्हणाली, "सायेब, माजं ऱ्हाऊ द्या."

रविवारी धुळाचा दावीद झाला. गिरणीत मात्र त्याला सगळे धुळाच म्हणत. मायाक्का मागच्या भिंतीला टेकून बघत होती. पुढची सात वर्षे तिची जागा तीच राहिली. प्रभुभोजनाची भाकर बाप्तिस्मा झालेल्यांनाच मिळे; त्या वेळी ती उठून बाहेर जाई. नळावरच्या बाया तिला ऐकवत, "धाकटीला देव मिळाला, थोरलीला झोपडी!" मायाक्का म्हणे, "झोपडीत वारा लई चांगला येतो. या की बसायला."

केराची मुले चार झाली. ती मायाक्काला मोठी आई म्हणत.

१९३४ साली तिच्या छातीने दगा दिला. थुंकीत रक्त येऊ लागले. उबाळे पाण्याची वाटी घेऊन झोपडीत आले. "मायाक्का, आता तरी मन मोकळं करा. मी वाट बघतो."

"न्हाय, सायेब."

ते गेल्यावर केराने तिचे पाय धरले. "घे की गं! देवाला समदं ठाऊक हाय."

"देवाला ठाऊक हाय, पाळकाला न्हाय. खरं सांगितलं तर तुजं घर मोडंल. खोटं सांगून घेतलं तर नुसतं डोकं भिजंल. त्येंनीच सांगितलंय."

चौथ्या दिवशी ती गेली. दफनभूमी बाप्तिस्मा झालेल्यांचीच होती. मंडळीच्या वडीलजनांनी नकार दिला. भावकीने आधीच हात झटकले होते. केरा खरे सांगायला उभी राहिली, तेव्हा धुळाने तिचे मनगट धरले. "गप. पोरांचं बघ." भिंतीपलीकडच्या पडीक जागेत त्याने स्वतः खड्डा खणला. उबाळ्यांनी भिंतीच्या आतून प्रार्थना म्हटली.

१९३८ मध्ये धुळा वारला. त्याला आत पुरले. आठवडाभराने केरा पाळकांकडे गेली आणि सगळे सांगून टाकले. म्हणाली, "आता तिला आत घ्या."

उबाळे म्हणाले, "मेलेल्याला बाप्तिस्मा देता येत नाही, केराबाई."

"मग मंडळीच्या वहीतनं माजं नाव खोडा."

त्यांनी ते खोडले नाही. केराबाई अजूनही उपासनेला येते. प्रभुभोजनाची भाकर पुढे आली की ती न घेता शेजारणीकडे सरकवते.