पडद्यावरचा दुसरा कप

सिनेमागृहात तिला सगळे खुर्चीवाल्या मावशी म्हणायचे. सकाळी पहिला खेळ सुरू व्हायच्या आत ती हॉलभर फिरायची. कुठे रेक्झिन फाटलेलं, कुठे फोम बाहेर डोकावतोय, कुठे कुणीतरी बसल्याबसल्या नखाने उकरून पार बीळ केलेलं. वाकडी सुई आणि जाड दोरा घेऊन गुडघ्यावर बसायची आणि मनातल्या मनात त्या उकरणाऱ्याचा उद्धार करत टाके घालायची. नवरा गेल्यापासून याच कामावर घर चालवलं. लेकीचं लग्न करून दिलं, ती दोन गल्ल्या सोडून राहायची.

आणि भाचा होता. बहिणीचा मुलगा, चित्रकला शिकायला म्हणून मावशीकडे येऊन राहिला. टेबल म्हणू नका, भिंत म्हणू नका, विजेच्या बिलाची मागची बाजू म्हणू नका, सगळीकडे याची चित्रं. म्हणून मावशीने त्याचं नाव ठेवलं पेन्सिल. अंगानेही तसाच होता म्हणा.

मावशीची एक गोष्ट कुणालाच ठाऊक नव्हती. रोज सकाळी ती दोन कप चहा करायची. एक आपला, एक गेलेल्या नवऱ्याचा. आपला पिऊन झाला की समोरचा कप ओढून घ्यायची आणि हळूच म्हणायची, "तुम्ही काही पिणार नाही. थंड करून ठेवता नुसता." मग तोही संपवायची. त्यात साखर त्याच्या आवडीची, म्हणजे जवळजवळ पाकच. तिला गोड सोसायचं नाही, तोंड वाकडं व्हायचं, पण टाकायची नाही.

हे लेकीला सांगायची सोय नव्हती. ती म्हणाली असती, आई, आता पुरे. पेन्सिलने मात्र एकदा लवकर जाग आली तेव्हा पाहिलं. बोलला काही नाही. पुढे रोज त्या वेळेला तो जागा असला तरी पांघरूण डोक्यावरून घेऊन पडून राहायचा. मावशीला ते सोंग कळायचं. झोपलेला माणूस इतका गप्प नसतो. पण त्या सोंगापायीच तो तिला पोटच्या मुलासारखा झाला.

पुढे त्याला कार्टून बनवणाऱ्या कंपनीत नोकरी लागली आणि तो वेगळी खोली घेऊन राहायला गेला. उडणाऱ्या मुलीची मालिका होती. मुलगी दिवसभर दुष्टांशी मारामाऱ्या करणार, पडत्या इमारती खांद्यावर झेलणार आणि दमून आपल्या मावशीकडे घरी येणार. ती मावशी रेखाटायचं काम पेन्सिलकडे. एके दिवशी लेकीकडे टीव्ही लागला होता. पडद्यावरच्या मावशीने दोन कप मांडले. एक प्यायली. मग दुसरा ओढला. बोलणं नाही, संगीत नाही. मुलगी खिडकीशी आली, आत पाहिलं आणि मावशीचा कप संपेपर्यंत बाहेरच हवेत तरंगत थांबली.

"किती छान दाखवलंय ना, आई," लेक डोळे पुसत म्हणाली.

 मावशी मात्र तशीच उठली आणि भाच्याच्या खोलीवर गेली.

"मला विचारलं का नाहीस?"

"विचारलं असतं तर नाही म्हणाली असतीस."

"म्हणजे उत्तर माहीत होतं तुला!"

त्याने तिचे दोन्ही हात धरले. "मावशी, तिच्यावर कुणी हसणार नाही. शब्द देतो. ती माझ्या हातात आहे."

मावशीचा राग विरघळला. खिडकीबाहेर थांबलेली ती मुलगी म्हणजे पांघरुणातला पेन्सिल, हे काय तिला दिसत नव्हतं? कुणीतरी आपल्याला पाहिलं आणि तरी आपल्या वाटेत आलं नाही, एवढंच त्या पडद्यावर होतं. म्हटलं, असू दे.

मग त्या मालिकेचा मोठा सिनेमा निघाला आणि लागला तो मावशीच्याच हॉलमध्ये. मॅनेजर म्हणाला, "मावशी, आज शिवणकाम बंद. भाच्याचा सिनेमा आहे, मधल्या रांगेत बसा ऐटीत." मायलेकी बसल्या.

सिनेमा म्हणजे नुसता दणदणाट. शहर कोसळतंय आणि उडणारी मुलगी विनोद करतेय. दुष्ट विनोद करतोय. ज्याच्या डोक्यावर छप्पर पडतंय तोही जाता जाता एक विनोद करून जातोय. कुणाला घाबरायलाच सवड नाही. मावशीच्या मनात आलं, अरे, एकाने तरी घाबरा, म्हणजे बाकीच्यांचं धाडस दिसेल.

तेवढ्यात पडद्यावरची मावशी आली. दोन कप मांडले. एक प्यायली. दुसरा ओढला आणि म्हणाली, "तुम्ही काही पिणार नाही. थंड करून ठेवता नुसता!" मग घोट घेतला, डोळे बटाट्याएवढे झाले, कानांतून साखर उडाली आणि तिने अशी ढेकर दिली की खिडकीची काच फुटून बाहेरची मुलगी थेट कुंडीत पडली.

हॉलभर हशा फुटला. माणसं खुर्चीच्या हातांवर थापा मारत होती. लेकही खदखदून हसली आणि मधेच थांबली.

"आई... हे तर तू बाबांना म्हणायचीस."

मावशीने नजर पडद्यावरच ठेवली.

"आई, तू अजून... दोन कप?"

मागून कुणीतरी ओरडलं, "म्हातारीला अजून एक कप द्या रे!" पुन्हा हशा. लेकीने आईचा हात शोधला, पण मावशीने दोन्ही हात पदराखाली घेतले होते.

बाहेर पेन्सिल उभा होता. लोक कसे हसतात ते ऐकायला दाराला कान लावून. चेहरा नुसता उजळलेला.

"मावशी, ऐकलंस? केवढे हसले!"

"ती ढेकर कुणाच्या डोक्यातून निघाली?"

"अगं, वरच्या लोकांना सगळं हलकंफुलकं हवं होतं..."

"वरचे राहू देत वर. ढेकर कुणाची?"

 तो म्हणाला, "माझी. ऐक ना. मी आधी तो शांत प्रसंगच दाखवला होता. मीटिंगमध्ये एकाने जांभई दिली. म्हणाले, मुलं कंटाळतील, ही बाईच काढून टाका. मावशी, ती सिनेमातून जात होती गं! मी ढेकर घातली, सगळे हसले, ती राहिली. मी वाचवलं तिला."

"आणि ते वाक्य?"

"ते... सुचलं."

"सुचलं नाही. ऐकलंस तू. डोक्यावरून पांघरूण घेऊन, माझ्या घरात."

पेन्सिल रडवेला झाला. लेक मधे पडायला आली, तिला मावशीने डोळ्यांनीच मागे सारलं.

"आता एक कर," मावशी म्हणाली. "पुढच्या सिनेमात ती नको. पाठव कुठेतरी. मरणबिरण नको, रडारड नको. दार लावून गेली म्हणून सांग."

"मावशी..."

"जमेल का नाही?"

"कप छापून झालेत गं. दोन-दोनचे जोड, तिच्या तोंडाचं चित्र असलेले. खालच्या दुकानात आलेतसुद्धा." त्याने मान खाली घातली. "ती आता माझ्या हातात नाही."

"बरं," मावशी म्हणाली आणि जिना उतरली. त्याने मागून दोनदा हाक मारली. दुकानाकडे मात्र तिने पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने दोन कप मांडले. आपला प्यायली. समोरचा ओढला, बोलायला तोंड उघडलं आणि वाक्य यायच्या आधीच सगळा हॉल हसला. ती थांबली. पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा हसले. न बोलता प्यावं म्हटलं, तर तोंड वाकडं होतंय की काय, इकडेच लक्ष. चहावर साय धरली. शेवटी तिने तो मोरीत ओतला. इतक्या वर्षांत नवऱ्याचा चहा पहिल्यांदा वाया गेला.

मग दोन्ही कप विसळले, सुईदोऱ्याची पिशवी घेतली आणि कामावर गेली. मधल्या रांगेतल्या तीन खुर्च्यांचे हात उखडले होते. हसता हसता लोकांनी आपटले होते म्हणे.