अर्धी भाकरी आणि तिसरा हिस्सा

पालघरच्या शाळेत मी नवीनच लागले होते. संध्याकाळी जवळच्या माहीम गावाला जाणाऱ्या एस.टी.त एक कोळीण रोज माझ्या शेजारी बसायची. मासळीची रिकामी पाटी पायांत धरायची आणि माझ्या हातातल्या वहीत बिनदिक्कत डोकवायची.

एकदा वह्या तपासताना मी कपाळावर हात मारला. एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश बरोबर दोन पंचमांश, असं अख्ख्या वर्गाने लिहिलं होतं. वरचे आकडे वर मिळवले, खालचे खाली. महिनाभर लसावि शिकवल्याचं हे फळ!

“काय झालं गो बाय?”

“अर्धी भाकरी आणि तिसरा हिस्सा मिळवा म्हटलं, तर पोरं म्हणतात पाचातले दोन भाग.”

ती खो खो हसत सुटली. “ते तर अर्ध्याहून कमी! मिळवली नि कमी झाली? मदी कोनी खाल्ली?”

तिने फडक्यातली तांदळाची भाकरी काढली आणि झटक्यात सहा सारखे तुकडे केले. “अर्धी म्हंजे तीन. तिसरा हिस्सा म्हंजे दोन. झाले पाच. घरात सहा पोरं हायेत माजी, तुकडा लहानमोठा झाला तर मारामारी.” सहावा तुकडा तिने तोंडात टाकला, पाच माझ्या वहीवर ठेवले.

दुसऱ्या दिवशी वर्गात मी तिचाच प्रश्न विचारला. पोरं हसली आणि आपणहून खोडरबर शोधू लागली.

डी.एड.ला मी गणितात पहिली आले होते. तिला हे सांगायचं राहून गेलं, ते बरंच झालं.