चण्यांचा दुसरा द्रोण

भुईगावच्या सालोमीबाई तशा देवभोळ्या. पण मे महिन्यात संध्याकाळी क्रुसापुढची प्रार्थना संपून उकडलेले चणे वाटायला लागले, की त्यांचा नुसता जळफळाट व्हायचा. सारखं पोट बिघडतं म्हणून डाएटिशियनने त्यांना ‘लो फॉडमॅप’ नावाच्या पथ्यावर ठेवलं होतं. कांदा बंद, लसूण बंद, चणे तर बघायचेसुद्धा नाहीत. तोंड चाळवायला भोपळ्याच्या भाजलेल्या बिया, त्याही मोजून दोन चमचे.

आणि शेजारी थोरली जाऊ रेजिना चण्यांचा दुसरा द्रोण घेत होती! एका घरात नांदलो, एका विहिरीचं पाणी प्यायलो, आणि हिलाच मेलीला दगड पचतात. सालोमीबाई डबीतल्या बिया रागारागाने कडाकडा चावू लागल्या.

“हळू चाव गं बाई,” रेजिना शेवटी म्हणाली. “ऐकवत नाही मला. कवळी बसवल्यापासून कुरकुरीत काही चावताच येत नाही. चणे मऊ, म्हणून तेवढेच खाते. रोज तुझा हेवा वाटतो.”

सालोमीबाईंना कितीतरी दिवसांनी बरं वाटलं. त्यांनी खुर्ची जवळ ओढली आणि पुढची बी जावेच्या कानाशी कडकन फोडली.