सीड त्र्याहत्तर

शी! श्यामलाताईंना किळस आली की त्या चहाचा मग लांब सारतात. त्या दिवशी लंडनमधल्या क्रॉयडनच्या ऑफिसात तो मग टेबलाच्या पार कडेला गेला होता.

बाई नागपूरच्या, लंडनच्याच हॅरो भागात येऊन अठ्ठावीस वर्षं झाली. काम एकच: इमारतीत वायफाय बसवण्याआधी ते कॉम्प्युटरवर खोटंखोटं चालवून बघायचं. दोन उपकरणं एकदम बोलली की निरोप आदळतात. मग दोघंही मनाला येईल तेवढं थांबून पुन्हा बोलतात. ते थांबणं किती, हे प्रोग्रॅम एका सुरुवातीच्या आकड्यावरून ठरवतो. त्याला म्हणतात सीड. आकडा बदलला की नशीब बदलतं, म्हणून पुष्कळ सीड घेऊन बघायचं असतं. ताईंचा प्रोग्रॅम मधला रिकामा वेळ गाळून नुसत्या धडकांवर उड्या मारायचा. दिवसभराचं काम चार मिनिटांत. त्याचा त्यांना भारी अभिमान.

या वेळी काम होतं एका केअर होमचं, म्हणजे वृद्धाश्रमाचं. म्हाताऱ्यांच्या गळ्यातलं बटण दाबलं की त्यांना सांभाळणाऱ्या केअररला पाच सेकंदांत कळलं पाहिजे. मॅनेजर अनुपचा रिपोर्ट सहीला आला, एकदम पास. ताईंनी सहज लॉग, म्हणजे चाचण्यांची नोंद, उघडला आणि बघतात तर काय! पठ्ठ्याने चाळीस सीड चालवले होते. एकोणचाळीस नापास, काहींत निरोप मिनिटभर लटकलेला. पास झालेला एकच उचलून रिपोर्टात चिकटवला होता.

"अरे, लाज कशी वाटत नाही तुला? म्हातारी बाथरूममध्ये पडलेली असेल नि हिचा निरोप रांगेत उभा! मी नाही सही करणार, जा."

"ताई, चिडू नका. मी तुमचीच फाइल बघून शिकलो." अनुपने त्यांचा जुना प्रोग्रॅम उघडला.

पहिल्याच ओळीत त्यांची टीप होती: 'सीड ७३च ठेवा. बाकीचे रिपोर्ट बिघडवतात.' अकरा वर्षांपूर्वीची. तेही केअर होमच, हॅरोतलं. तेव्हा घाई होती, बॉस डोक्यावर बसला होता, सगळं खरं. पण ताईंच्या तोंडाला कडू पाणी सुटलं. इतका वेळ ज्याची घाण वाटत होती, त्याची मास्तरीण त्या स्वतःच होत्या.

त्यांनी चाळीसही निकाल रिपोर्टात घातले, वर ठळक 'नापास' लिहिलं आणि सही ठोकली. मग त्या हॅरोच्या होमला फोन लावला.

"तुमच्याकडे बटण दाबल्यावर निरोप लगेच पोचतो ना हो?"

"पहिल्यांदा क्वचितच," पलीकडची केअरर हसून म्हणाली. "आमची माणसं तीन-तीनदा दाबतात. नवीन कोणी आलं की आम्ही पहिल्या दिवशीच शिकवतो."