मागच्या गल्लीतला ढिगारा

तेहतीस वर्षांच्या नोकरीतले बहुतेक गुन्हे आता एकमेकांत मिसळून गेले आहेत. कुठली फिर्याद कुठल्या ठाण्यातली, हे मला नीट सांगता येत नाही. एक प्रकरण मात्र तारीखवार डोळ्यांसमोर उभं राहतं, आणि गंमत अशी की ते माझ्या नोकरीतलं नाहीच. निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती, अंगावर वर्दी नव्हती, अधिकार शून्य होता आणि मुलूखही परका होता. तरी मी तपास केला. कोणी सांगितला नव्हता.

२०२० च्या सुरुवातीला मी आयर्लंडला मुलीकडे तीन महिन्यांसाठी गेलो आणि विमानं बंद पडली. शॅननजवळ भाड्याच्या घरात आम्ही बापलेक राहत होतो. मुलगी पर्यावरण सल्लागार कंपनीत होती. २०२१ च्या सुरुवातीला तिच्याकडे एक काम आलं. एका कौन्सिलच्या, म्हणजे तिथल्या पालिकेच्या, हद्दीत लोकांनी बेकायदा टाकलेल्या कचऱ्याचे ढीग जागोजागी साठले होते. पैसे मोजके, म्हणून आधी कुठला ढीग उचलायचा याची यादी करायची होती. त्यासाठी सरकारी खात्यांचं मत घ्यायचं आणि ट्रॅव्हलर लोकांचंही. ट्रॅव्हलर म्हणजे तिथली पिढ्यानपिढ्यांची भटकी जमात. आता बरेच जण कौन्सिलने आखून दिलेल्या वस्त्यांत, कॅरॅव्हॅनमध्ये राहतात. दोन्ही बाजूंनी प्रत्येक ढिगाऱ्याला गुण द्यायचे. ज्याला एका बाजूचे गुणच नाहीत, तो दुसऱ्या फेरीत जाणार. पहिली फेरी मार्चमध्ये, दुसरी एप्रिलमध्ये.

लॉकडाऊनमुळे घरापासून पाच किलोमीटरपलीकडे कामाशिवाय जाता येत नसे. ट्रॅव्हलरांची एक वस्ती पाच किलोमीटरच्या आत होती, म्हणून मुलगी तिथे पाहणीला निघाली की मी गाडीत बसायचो. घरात भिंती पाहून कंटाळलो होतो.

वस्तीत बारा-तेरा कॅरॅव्हॅन. पुढच्या फाटकावर उंच गाड्या आत येऊ नयेत म्हणून लोखंडी आडवी दांडी. मोठी गाडी यायची तर मागच्या गल्लीतून, आणि ती गल्ली कचऱ्याने गळ्यापर्यंत भरलेली. गाद्या, कार्पेट, फुटके सोफे, काळ्या पिशव्या. उंदीर भरदिवसा फिरत होते.

मी गेलो त्या पहिल्या दिवशी साठीची एक बाई मुलीशी बोलायला बाहेर आली. मी काच खाली करून ऐकत होतो.

"आधी ही गल्ली," ती म्हणाली. "बाकीचं तुम्ही हवं तेव्हा करा. माझा नवरा हॉस्पिटलात आहे. फुप्फुसं गेलीत त्याची. डॉक्टर म्हणतात, ऑक्सिजन लावून घरी सोडतो, पण अॅम्ब्युलन्स दारापर्यंत आली पाहिजे. त्याला घरीच मरायचंय, बाई. एवढंच मागतोय तो."

मुलीने सगळं लिहून घेतलं. मी काच वर केली. पोलिसाला असली कहाणी रोज ऐकू येते. ठाण्यात आणलेल्या प्रत्येकाची आई अंथरुणाला खिळलेलीच असते.

दोन दिवसांनी मला खबर मिळाली. आमच्या वसाहतीतला एक म्हातारा रोज कुत्रं घेऊन फिरायचा, हवा-पाण्याच्या गप्पा मारायचा. मी त्या ढिगाऱ्याचा विषय काढला. तो हसला. "ते तेच आणून टाकतात. व्हॅन घेऊन दारोदार फिरतात, लोकांचा कचरा उचलतात आणि स्वतःच्याच मागे ओततात. मग कौन्सिलने साफ करायचं! युअर मॅन तिथला, व्हॅनवाला, त्याला विचारा." तिकडे कोणाचंही नाव घ्यायचं नसलं की युअर मॅन म्हणतात. खबरी लोक नाव घ्यायला कचरतात, हे सगळीकडे सारखंच.

खरं तर खबर तपासायची असते. पुरावा काय, सांगणाऱ्याचा स्वार्थ काय, हे आम्ही नव्या फौजदारांना पहिल्या आठवड्यात शिकवतो. मी तपासली नाही, कारण ती माझ्या मनात आधीच तयार होती. माझ्या जिल्ह्यात दरोडा पडला की पहिली गाडी पारध्यांच्या पालावर जायची. फिर्याद पुरती लिहून होण्याआधी जायची. चार-पाच माणसं उचलून आणायची, आणि वरिष्ठांचा फोन आला की 'संशयित ताब्यात आहेत' म्हणून सांगायचं. कित्येकदा ती माणसं निर्दोष सुटायची. पुढच्या दरोड्याला आम्ही पुन्हा त्यांनाच आणायचो. हीच कामाची पद्धत होती. तिला चूक म्हणायचं माझ्या डोक्यातही आलं नाही.

दुसऱ्या भेटीत मुलगी गाडीत कौन्सिलच्या अधिकाऱ्याशी फोनवर बोलत होती. ती बाई कपडे वाळत घालत होती. मी उतरलो आणि मास्क नीट करून तिच्यासमोर उभा राहिलो. इंग्रजी माझं ठाण्याचंच, पण प्रश्न विचारण्यापुरतं पुरे होतं.

"इथे व्हॅन किती?"

"तीन. का?"

"कोणाच्या? काय धंदा?"

"माझ्या दोन दिरांच्या आणि एका जावयाची. पत्रे बसवतात."

"नवरा कुठल्या तारखेपासून हॉस्पिटलात आहे? वॉर्ड कुठला?"

तिने हातातली चादर खाली ठेवली. "तुम्ही गार्ड आहात?" तिकडे पोलिसाला गार्ड म्हणतात.

लपवायला हवं होतं असं नाही, पण मी ताठ झालो, हे आठवतं. "होतो," म्हणालो. "तेहतीस वर्षं."

"दिसतंय," ती म्हणाली. आत गेली आणि दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी वस्तीतून मुलीला निरोप आला. आम्ही गुण देणार नाही, बैठकीला येणार नाही. मत विचारायला येताना तुम्ही पोलीस घेऊन आलात. आमचं मत तुमच्या फाइलीत नको.

मुलगी माझ्यावर आयुष्यात पहिल्यांदा ओरडली. "बाबा, तुम्ही वॉर्ड विचारलात? तिचा नवरा मरतोय आणि तुम्ही त्याची अॅलिबाय चेक करत होतात? सहा आठवडे लागले मला त्यांचा ट्रस्ट मिळवायला! आता ती लेन सेकंड राउंडमध्ये जाणार. कळतंय का तुम्हाला?"

मला कळलं नव्हतं. मला उलट राग आला होता. चोराच्या उलट्या बोंबा, असंच मी मनात म्हणालो. मग मी ठरवलं की पुरावाच आणून हिच्यापुढे ठेवायचा.

बागकामाचे हातमोजे घातले आणि सलग तीन दिवस सकाळी चालत त्या गल्लीत गेलो, बाहेरच्या टोकाने. पंचनाम्याला बसावं तसा बसलो. एकेक पिशवी उघडायची, कागद शोधायचे, पत्ता दिसला की लिहून घ्यायचं. वास असा की जेवण जात नव्हतं. सापडलेले सगळे पत्ते चांगल्या वसाहतींमधले होते, आमच्यासारख्या. म्हणजे लोकांनी कचरा कोणाला तरी दिला होता आणि त्याने इथे आणून ओतला होता. खबरीने सांगितलं होतं तसंच. मी खूश होतो.

तिसऱ्या दिवशी एका गादीखाली भिजलेला पुठ्ठ्याचा खोका निघाला. त्यावर काळ्या मार्करने मराठीत लिहिलं होतं: 'स्वयंपाकघर. काच आहे. सांभाळून.'

अक्षर माझं होतं.

आदल्या वर्षी पानगळीच्या दिवसांत आम्ही घर बदललं होतं. जुनी गादी, मोडका प्रेस (तिकडे कपाटाला प्रेस म्हणतात), रिकामे खोके असं बरंच सामान फेकायचं होतं. कौन्सिलच्या कचरा केंद्रावर वेळ ठरवून, रांग लावून जावं लागे. मुलगी म्हणाली होती, थांबा, मी बुकिंग करते. मला धीर नव्हता. दुकानातल्या बोर्डावर एकाची चिठ्ठी होती, त्याला फोन केला आणि घासाघीस करून भाव निम्म्यावर आणला. मुलीपुढे ते मिरवलंही. त्या माणसाला कचरा उचलायचा परवाना आहे का, हे विचारलं नाही. आयुष्यभर रिक्षावाल्यापासून तमाशाच्या फडापर्यंत दिसेल त्याला परवाना विचारत आलेला मी. आणि तो व्हॅनवाला ट्रॅव्हलर नव्हता. आमच्याच वसाहतीत, दोन गल्ल्या सोडून राहत होता. त्याच्या दारात गुलाब होते.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो असा.

आता एक गोष्ट लिहितो जी मुलीलाही सांगितलेली नाही. तो खोका हातात घेऊन मी आजूबाजूला पाहिलं. आसपास चिटपाखरू नव्हतं. मुद्देमाल कसा नाहीसा होतो हे मला शिकवायला कोणी नको. चार तुकडे करून दुसऱ्या पिशवीत कोंबले असते तर संपलं असतं. मुलीची नोकरी, तिचं वर्क परमिट, तिचं नाव, सगळं त्या ओल्या पुठ्ठ्यावर होतं. मी तो फाडायला सुरुवातही केली होती. पण ती बाई चादर खाली ठेवून माझ्याकडे पाहत होती ते समोर आलं, आणि मी फाडायचं थांबलो.

खोका तसाच घरी नेला. मुलीने अक्षर पाहिलं आणि खुर्चीत बसली.

"मला हे कौन्सिलला सांगावं लागेल, बाबा."

"सांग. जबाब मी देतो."

कौन्सिलच्या कचरा निरीक्षकापुढे मी सही करून जबाब दिला. आरोपीच्या बाजूला बसून जबाब लिहून देणं काय असतं, हे वयाच्या बासष्टाव्या वर्षी कळलं. त्या व्हॅनवाल्यावर कारवाई सुरू झाली. मुलीला त्या कामावरून बाजूला केलं. जाण्याआधी ती एकटी वस्तीत गेली, तिथल्या बायकांपुढे खोक्याची गोष्ट सांगितली आणि माफी मागितली. बायकांनी गुण दिले. कौन्सिलने दुसऱ्या फेरीची वाट न पाहता गल्ली तातडीच्या यादीत घेतली. यंत्र आलं आणि दोन दिवसांत जमीन दिसली.

तोवर पहिली फेरी होऊन तीन आठवडे झाले होते. गल्ली मोकळी झाली त्याच्या आदल्या रविवारी त्या बाईचा नवरा हॉस्पिटलातच वारला. करोनामुळे शेवटी फक्त बायकोला आत सोडलं होतं.

त्याला त्या मागच्या गल्लीतूनच घरी आणलं, शवपेटीच्या काळ्या गाडीतून. अंत्यविधीला मोजकीच माणसं चालत, म्हणून बाकीचे रस्त्याच्या कडेला अंतर ठेवून उभे राहत. तो तिकडचा त्या दिवसांतला रिवाज. मी सगळ्यात शेवटी उभा राहिलो. गाडीमागून ती बाई चालत होती. माझ्यापाशी थांबेल असं वाटलं नव्हतं, पण थांबली.

"तुमच्या मुलीने सांगितलं. खरं बोललात, ते बरं केलंत."

"मला माफ करा," मी म्हणालो.

"गल्ली छान साफ केली त्यांनी. अगदी ग्रँड," ती म्हणाली. "पण तो शुद्धीत होता तोवर रोज विचारत होता, साफ झाली का म्हणून. मी रोज म्हणायचे, उद्या."

ती पुढे गेली.

या प्रकरणाने मला काय शिकवलं, असं लोक विचारतात. माझ्या मुलीचं काम एका प्रश्नाने सुरू व्हायचं: तुम्हाला आधी काय हवंय? ती बाई पहिल्याच दिवशी त्याचं उत्तर देऊन मोकळी झाली होती. मी तेच ऐकलं आणि त्यात खोटं कुठे आहे ते शोधत बसलो. मला त्याची लाज वाटते, आणि वय वाढतंय तशी ती कमी होत नाही.

ते तीन आठवडे माझ्या प्रश्नांमुळे गेले आणि त्या ढिगाऱ्यात माझाही कचरा होता, हे मला ठाऊक आहे, कारण खोक्यावर माझं अक्षर होतं. जिल्ह्यात असताना पालावरून उचलून आणलेल्या माणसांच्या घरी त्या त्या वेळी कोण मरत होतं, कोण कोणाची वाट पाहत होतं, याची नोंद कुठल्याच स्टेशन डायरीत नाही. ती करायची जबाबदारी माझी होती. मी कधी विचारलंच नाही.